अलर्ट आला नाही, म्हणून झोपून राहिलो : २०२५ चा शेवटचा भाग

(या भागाचं शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय, मधले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ तेवढे कमी केलेत.)



२०२५ चा हा आपला शेवटचा भाग. मागे मधूनच कुत्रं भुंकलं किंवा ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या. कारण आज मी पुण्यातल्या खोलीतून नाही, निफाड तालुक्यातल्या आमच्या मळ्यातून रेकॉर्ड करतोय. रात्रीचे साडेनऊ वाजलेत. अंगात स्वेटर, वरून आईची शाल, कानाला मफलर आणि मफलरवरून हेडफोन. पॉडकास्टमध्ये माणूस दिसत नाही, हे किती बरं आहे ते आज कळतंय. आणि हो, दहाला शेतीची लाइट येते. त्याआधी मला हा भाग संपवायचाय. का, ते पुढे कळेलच.

डिसेंबर आला की सगळे आपापली यादी काढतात. किती पुस्तकं वाचली, किती किलोमीटर पळालो, कुठली नवी लँग्वेज शिकलो. मी पण दरवर्षी काढतो. यंदा मात्र माझ्याकडे यादी नाही, तीन गोष्टी आहेत. एक ऑफिसमधली, एक छंदातली आणि एक थंडीतली. गंमत अशी की तिन्हींमध्ये चूक एकच आहे. आणि ती माझी आहे.

पहिल्यांदाच ऐकत असाल तर थोडक्यात सांगतो. मी पुण्यात बॅकएंड डेव्हलपर आहे, आठ वर्षं झाली. तुम्ही ॲपमध्ये बटण दाबता आणि ते गोल चक्र फिरत राहतं ना, त्या चक्राच्या मागे जी माणसं घाम पुसत असतात, त्यांच्यातला मी एक.

आधी थंडीबद्दल बोलू, कारण बाकी सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं.

‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी तुम्ही दर हिवाळ्यात वाचत असणार. तो आकडा बहुतेक वेळा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा असतो. पाच अंश, सहा अंश. पुण्या-मुंबईचे मित्र मला स्क्रीनशॉट पाठवतात, ‘वा, मजा आहे तुमची, महाराष्ट्राचं काश्मीर!’ आमच्या घरात त्या आकड्याचा अर्थ वेगळा असतो. आमची द्राक्षबाग आहे. द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरायला लागलं, गोडी भरायला लागली आणि त्याच वेळी पारा एकदम खाली आला, तर मणी तडकतात. घडातले चार मणी तडकले की तो घड एक्स्पोर्टला जात नाही. वर्षभराची मेहनत एका पहाटेत खाली येते.

यावर शेतकरी काय करतात? दोन गोष्टी. पहाटे ठिबकनं पाणी सोडतात, कारण विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं. आणि ओळींच्या मध्ये पालापाचोळा, काड्या पेटवून शेकोट्या करतात, धूर धरतात. दोन्ही कामं पहाटे करायची. कारण सगळ्यात जास्त थंडी मध्यरात्री नसते, सूर्य उगवायच्या सुमारास असते. रात्रभर जमीन आपली उष्णता आकाशात सोडत राहते, आणि आभाळ निरभ्र असलं, वारा पडलेला असला की फारच भरभर सोडते. म्हणून आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, डिसेंबर-जानेवारीत साडेतीनला उठतात. अंगणात येतात, वर बघतात. चांदण्या लख्ख दिसल्या आणि झाडाचं पान हललं नाही, की बॅटरी घेऊन बागेत. गेली पंचवीस वर्षं.

मी लहानपणापासून हे बघत आलो. पण गेल्या जानेवारीत सुट्टीला आलो होतो, तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. आप्पा आता बासष्टचे आहेत. आमच्या भागात बिबट्या हा काही गोष्टीतला प्राणी नाही, उसाच्या कडेला त्याचे पंजे दिसतात. आणि हा माणूस रात्री साडेतीनला फक्त थंडी किती पडलीय हे बघायला उठतो. मला वाटलं, अरे, हे तर माझं काम आहे! ऑफिसात आम्ही हेच करतो. सर्व्हरकडे माणूस टक लावून बसत नाही, मशीन बसतं. काही बिघडलं की ते आपल्याला उठवतं. मग आप्पांनी का उठायचं?

तर असा सुरू झाला माझा या वर्षीचा छंद.

ईएसपी-३२ नावाचा एक बोर्ड मिळतो, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, वायफाय असलेला. त्याला डीएस-१८बी-२० नावाचा तापमानाचा सेन्सर जोडायचा. वॉटरप्रूफ मिळतो, लांब वायरच्या टोकाला धातूची कांडी. सगळं मिळून हजाराच्या आत खर्च. दर पाच मिनिटांनी तापमान मोजायचं, इंटरनेटवर पाठवायचं, आणि सहा अंशांच्या खाली गेलं की माझ्या फोनवर अलार्म.

पहिला सेन्सर मी घराच्या भिंतीला लावला. तो सांगायचा दहा अंश, आणि आप्पा बागेतून थरथरत येऊन म्हणायचे, ‘‘कसले दहा? दवाचं बर्फ व्हायचं बाकी राह्यलंय.’’ मी म्हणायचो, आप्पा, तुम्हाला तसं वाटतंय, मशीन खोटं बोलत नाही. मशीन खोटं बोलत नव्हतंच. ते भिंतीचं तापमान सांगत होतं. भिंत दिवसभर ऊन खाऊन रात्री ते परत देत असते. शिवाय अशा शांत रात्री थंड हवा जड होऊन खाली, सखल भागात जाऊन बसते. आमचा खालचा प्लॉट नेमका तिथे.

मग शोधाशोध केली. हवामान खात्याचे तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास ठेवलेले असतात. त्या पेटीला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. ज्यांच्या नावावरून म्हणतात ते थॉमस स्टीव्हन्सन स्कॉटलंडमधले दीपगृहं बांधणारे इंजिनिअर होते, आणि ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन त्यांचा मुलगा. मुलगा इंजिनिअर झाला नाही म्हणून वडील नाराज होते म्हणे. आमच्याकडे मुलगा इंजिनिअर झाला आणि बाग कोण बघणार म्हणून वडील नाराज. असो. मी कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बश्या एकावर एक रचून माझी गावठी पेटी बनवली आणि खालच्या प्लॉटमध्ये खांबाला बांधली. आता आकडा आप्पांच्या अंदाजाशी जुळायला लागला. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला, तेवढा अप्रेझलच्या दिवशीही झाला नव्हता.

पण या सेन्सरच्या दोन खोडी आहेत, त्या लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. वीज जाऊन आली की कधी कधी पहिलं उत्तर तो देतो ८५ अंश. ते खरं नसतं, चालू होताना त्याच्या मेमरीत तोच आकडा असतो. आणि वायर सुटली की सेन्सर काहीच बोलत नाही. मग त्याच्यासाठी जी लायब्ररी सगळे वापरतात, ती आपल्याला देते उणे १२७. म्हणजे ‘सेन्सर सापडत नाहीये’ हे सांगायची तिची पद्धत.

तर फेब्रुवारीत एका मीटिंगच्या मधोमध माझा फोन कोकलला : ‘बागेत तापमान उणे १२७.’ अख्खी टीम हसली. कोणीतरी म्हणालं, तुमच्या बागेत आता द्राक्षं नाही, आइस्क्रीम येणार. वायर सैल झाली होती, बाकी काही नाही. पण असं तीन-चारदा झालं आणि मी वैतागलो.

हे वर्ष तुम्हाला माहितीच आहे कसलं होतं. फेब्रुवारीत आंद्रे कर्पाथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द आणला, म्हणजे कोड एआयला लिहायला सांगायचा आणि आपण फारसं न बघता पुढे जायचं. वर्ष संपता संपता कॉलिन्स डिक्शनरीनं त्यालाच २०२५ चा शब्द म्हणून निवडलं. मी पण तेच केलं. एआयला सांगितलं, हे चुकीचे आकडे येतात, त्यांचं काहीतरी कर. त्यानं दोन सेकंदांत एक ओळ घातली : आकडा उणे पन्नासच्या खाली किंवा ऐंशीच्या वर असेल तर तो सोडून दे, पुढे जा. मी वाचली, ‘बरोबर आहे’ म्हटलं, टाकली. त्यानंतर मूर्खासारखे अलार्म बंद. एकदम शांत.

एआयला दोष देत नाहीये मी. मी स्वतः लिहिली असती तरी बहुधा हीच ओळ लिहिली असती. तुम्हाला यातली गडबड दिसली का? नसेल दिसली तर थांबा. मला ती दिसायला दहा महिने लागले.

आता ऑफिसची गोष्ट.

आमच्याकडे ऑन-कॉलची पाळी असते. आठवडाभर एकाचा फोन चोवीस तास चालू, रात्री काही पडलं तर त्यानं उठायचं. आमच्या एका डेटाबेसच्या सर्व्हरवर दर रविवारी रात्री बॅकअप चालायचा. तेव्हा डिस्क ८० टक्क्यांवर जायची, अलर्ट वाजायचा, अर्ध्या तासात जुनी फाइल पुसली जायची आणि डिस्क पुन्हा खाली. दर रविवारी रात्री दोनला उठायचं, बघायचं, काही न करता झोपायचं. एप्रिलमध्ये माझ्या पाळीत मी तो अलर्ट म्यूट केला. ‘सोमवारी नीट करू’ असं मनात म्हणून. कुठला सोमवार ते काही मी ठरवलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये एका रविवारी ती जुनी फाइल पुसलीच गेली नाही. डिस्क ८० झाली, ९० झाली, १०० झाली आणि डेटाबेसनं नवीन काही लिहून घ्यायचं बंद केलं. त्या आठवड्यात पाळी होती आमच्या टीममधल्या सगळ्यात नवीन मुलीची. तिची पहिलीच. अलर्ट वाजलाच नाही. पहाटे तीनच्या पुढे सपोर्टच्या माणसांनी तिला फोन करून उठवलं, तोवर ग्राहकांच्या तक्रारींचा ढीग झाला होता. सगळं पूर्ववत व्हायला अडीच तास लागले. ती एकटी लढत होती. मला तिनं दोन फोन केले, माझा फोन सायलेंटवर.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. आमच्या क्षेत्रात याला पोस्टमॉर्टेम म्हणतात, आणि त्याचा नियम असा की कोणा माणसाला दोष द्यायचा नाही, व्यवस्थेत कुठे भोक आहे ते शोधायचं. चांगला नियम आहे. मॅनेजरनं विचारलं, अलर्ट का आला नाही? आणि ती मुलगी खाली बघत म्हणाली, ‘‘माझा फोन बॅटरी सेव्हरवर होता. त्यामुळे कदाचित वाजला नसेल.’’

मला माहीत होतं की तसं नाहीये. सकाळीच मी बघितलं होतं, अलर्ट अजून म्यूटच होता. मी गुपचूप तो चालू केला होता. आणि मीटिंगमध्ये मी काही बोललो नाही. मॅनेजर म्हणाला, ठीक आहे, होतं असं, पुढे सगळ्यांनी बॅटरी सेव्हर बंद ठेवा. अहवालात लिहिलं गेलं : ‘अलर्ट पोहोचण्यात त्रुटी.’ विषय संपला.

मी मनाला समजावलं, तिला कोणी बोललं का? नाही. तिचं काही नुकसान झालं का? नाही. मग कशाला उगाच. त्यानंतर ती रोज स्टँडअपला म्हणायची, ‘सगळं ठीक.’ मी पण म्हणायचो, ‘सगळं ठीक.’

इकडे बागेचंही वर्ष धड नव्हतं. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, मुंबईत तर २६ मेला मान्सून दाखल झाला. शहरात लोक खूश. पण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीला ऊन लागतं, कारण पुढच्या हंगामाचे घड त्याच दिवसांत काडीच्या डोळ्यात तयार होतात. ऊन मिळालंच नाही. सप्टेंबरच्या शेवटी खालच्या प्लॉटची गोडी छाटणी केली, फूट आली, आणि बघतो तर घड मोजकेच. आप्पा काही बोलले नाहीत. फोनवर विचारलं की एकच उत्तर, ‘‘चाललंय.’’ जे घड आहेत ते तरी जपायचे, एवढंच.

म्हणून दिवाळीत मी आप्पांना मोठ्या रुबाबात सांगितलं, या हिवाळ्यात तुम्ही साडेतीनला उठायचं नाही. सहाच्या खाली गेलं की मशीन मला उठवेल, मी तुम्हाला फोन करीन, मग जा. फोन उशाशी ठेवा, आवाज मोठा ठेवा, बस. आप्पा नको म्हणत होते. मी हट्ट केला. आईनं माझी बाजू घेतली. आप्पा तयार झाले.

डिसेंबरचा दुसरा आठवडा. कडाक्याची थंडी पडली होती. रात्री झोपताना मी फोनवर बघितलं, ११.४ अंश. म्हटलं, छान, आज काही गडबड नाही. झोपलो.

उंदरानं वायर कुरतडली होती. केव्हा, ते नंतर नोंदी बघून कळलं : संध्याकाळी सातला. सातपासून बोर्डला आकडा मिळत होता उणे १२७, आणि माझा कोड तो इमानेइतबारे सोडून देत होता. ११.४ हा सातचा आकडा होता. तोच स्क्रीनवर रात्रभर बसून होता, जणू थंडी थांबलीय. सहाच्या खालचा आकडा आलाच नाही, मग अलार्म कशाला वाजेल? मशीन गप्प. मी झोपलेलो. आणि माझ्या भरवशावर आप्पा झोपलेले.

साडेचारला त्यांना आपोआप जाग आली. बाहेर आले, चांदण्या बघितल्या आणि काळजात धस्स झालं. एक तास उशीर. मग जे रोज सावकाश करायचे, ते घाईत केलं. काठी घेतली नाही. फोन उशाशीच राहिला, माझा येईल म्हणून तिथेच ठेवलेला. मोटार चालू केली आणि खालच्या प्लॉटकडे जाताना पाइपलाइनसाठी खोदलेल्या चारीत पाय गेला. घोटा मोडला. बॅटरी हातातून उडाली, विझली. अंधारात, चारीत, एकटे.

आता शेजारच्या मळ्यातले नाना. ते आणि आप्पा गेली पंचवीस वर्षं एकमेकांना रात्री हाळी देतात. शहरातल्यांसाठी सांगतो, हाळी म्हणजे लांबून मोठ्यानं मारलेली हाक. रात्री पाणी भरताना एकानं ओरडायचं ‘होऽऽ’, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं ‘होऽऽ’. काही काम नसतं. फक्त, मी इथे आहे, तू आहेस ना? लहानपणी अंथरुणात पडून मी ते ऐकायचो आणि मला वाटायचं, म्हाताऱ्यांना करमत नाही म्हणून ओरडतात.

त्या पहाटे नानांना आमची मोटार चालू झाल्याचं ऐकू आलं. त्यांनी हाळी दिली. उत्तर नाही. म्हणजे आप्पांनी दिलं, पण चारीतून, मोटारीच्या आवाजात ते पोहोचलंच नाही. नानांनी पुन्हा दिली. पुन्हा काही नाही. आणि नाना काठी घेऊन निघाले. एवढंच. त्यांनी असा विचार केला नाही की आवाज नाही, म्हणजे सगळं ठीक असेल. ते म्हणाले, आवाज नाही, म्हणजे जायला पाहिजे.

पंधरा-वीस मिनिटांत त्यांनी आप्पांना शोधलं. मला सातला फोन आला.

मी दुपारपर्यंत पोहोचलो. आप्पांच्या पायाला प्लास्टर. खालच्या प्लॉटच्या चार ओळींत मणी तडकलेले. मी काय बोलणार? म्हटलं, आप्पा, सेन्सरची वायर तुटली होती, म्हणून अलार्म आला नाही. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं, ‘‘तुझं मशीन कधी हाळी देतं का रे?’’

मला आधी कळलं नाही. ते म्हणाले, ‘‘संकट आलं की ओरडणार, हे ठीक. पण मधी मधी, मी हाये, मी हाये, असं सांगतं का?’’

मंडळी, मी आठ वर्षं या कामात आहे. या गोष्टीला आमच्याकडे नाव आहे, हार्टबीट. दर थोड्या वेळानं मशीननं ‘मी जिवंत आहे’ असा निरोप पाठवायचा, आणि तो निरोप आला नाही तर तोच अलार्म. ऑफिसात आम्ही हे करतो. मला हे माहीत होतं. घरच्या बागेसाठी मी ते केलं नाही, कारण तो ‘छंद’ होता.

त्या रात्री आप्पांच्या खाटेशेजारी बसून मी कोड बदलला. उणे १२७ आता सोडून देत नाही, ‘सेन्सर सापडत नाही’ असं स्पष्ट सांगतो. दर दहा मिनिटांनी हजेरी. तीन हजेऱ्या चुकल्या की मला फोन, आणि नानांच्या पडवीत एक भोंगा. स्क्रीनवर नुसता आकडा नाही, तो किती वेळापूर्वीचा आहे तेही मोठ्या अक्षरांत. वायर लोखंडी नळीतून घातली. सगळं मिळून दोन तासांचं काम होतं. दोन तास.

आणि मग झोप येईना. कारण मला ती मीटिंग आठवत होती. ती मुलगी रोज ‘सगळं ठीक’ म्हणत होती आणि मी ते ११.४ सारखं वाचत होतो.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. सगळं सांगितलं. अलर्ट मी म्यूट केला होता, एप्रिलमध्ये. तुझ्या बॅटरी सेव्हरचा काही संबंध नव्हता. मला हे मीटिंगच्या आधीपासून माहीत होतं.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग ती म्हणाली, ‘‘तेव्हापासून मी फोन उशीखाली घेऊन झोपते. पाळी नसली तरी. रात्री दोनदा-तीनदा उठून बघते, चालू आहे ना.’’ आणि थोडं थांबून, ‘‘तू हे ऑगस्टमध्ये सांगायला हवं होतंस.’’

बरोबर आहे तिचं. मी सॉरी म्हटलं. ती ‘ठीक आहे’ म्हणाली नाही, आणि मला वाटतं तेही बरोबरच केलं. अहवालात जाऊन मी एक ओळ वाढवली : ‘हा अलर्ट एप्रिलमध्ये म्यूट केलेला होता. मी केला होता.’ मॅनेजरला पाठवली. त्यानं अंगठा पाठवला. चार महिने मी ज्या गोष्टीला घाबरत होतो, ती एका अंगठ्याची होती. पण तिच्या चार महिन्यांच्या झोपेचा हिशेब अंगठ्यात बसत नाही.

तर सध्या मी इथेच आहे. आप्पांचं प्लास्टर निघेपर्यंत घरूनच काम. सकाळी बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, मग लॅपटॉप. बोटं इतकी गारठतात की पासवर्ड दोनदा चुकतो. पहाटे साडेतीनला उठतो. मशीन आहे, तरी उठतो. थंडी किती ते बघायला नाही, ते आता मशीन बरोबर सांगतं. नानांच्या हाळीला उत्तर द्यायला. पहिल्या दिवशी लाज वाटली, आवाजच निघेना. नाना पलीकडून ओरडले, ‘‘कोन हाये, मांजर का?’’ आता जमतं.

जाता जाता, सॉफ्टवेअरमध्ये असाल तर या आठवड्यात तीन कामं करा. तुम्ही म्यूट करून ठेवलेल्या अलर्टची यादी काढा आणि प्रत्येकासमोर कोणी, कधी, का ते लिहा. जो अलर्ट वाजल्यावर कोणीच काही करत नाही, तो म्यूट करू नका, एकतर दुरुस्त करा नाहीतर सगळ्यांना सांगून काढून टाका. आणि जे मशीन महिनाभर गप्प आहे, त्याची वायर मुद्दाम काढून बघा, ओरडतं का.

सॉफ्टवेअरमध्ये नसाल, तर तुमच्या फोनमध्ये असं कोणीतरी असेल, जे विचारलं की ‘चाललंय’ म्हणतं. किंवा बरेच दिवस काहीच म्हणत नाही. त्यांना हा भाग फॉरवर्ड करू नका. फोन करा.

आणि... थांबा. ऐकू आलं? लाइट आली वाटतं. हे नाना.

होऽऽऽ!

चला, मला जायला हवं. ऐकणाऱ्या सगळ्यांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा. जानेवारीत भेटू. काळजी घ्या, कानाला मफलर बांधा.